रुमालाखाली घेतलेले जहाज

धुळ्याच्या आबांनी मला फसवले. चित्र, म्हणजे सिनेमा, पडले याचा दोष मी त्यांना देत नाही. एवढा पैसा ओतून काढलेले ते चित्र साऱ्या देशात पडले, माझ्याआधी कितीतरी मोठी माणसे त्यात बुडाली. पण ते चित्र माझ्या गळ्यात पडले ते आबांमुळे, आणि जळगावातले माझे थिएटर हातचे गेले तेही त्यामुळेच. ही गोष्ट मी चारचौघांत अनेकदा सांगितली आहे, बहुतेक वेळा आवाज चढवून. आता कागदावर सांगतो, म्हणजे मध्ये कोणी बोलणार नाही.

आबा म्हणजे माझे कोणी नातलग नव्हेत. धुळ्यात त्यांचे थिएटर होते आणि मी तिथे दारावर तिकिटे फाडायला होतो. त्याआधी अमळनेरला कापसाच्या बाजारात हमाली केली. घरात शिकलेले कोणी नव्हते, मागे उभे राहील असेही कोणी नव्हते. आबांनी मला दारावरून उचलून बुकिंगच्या खिडकीत बसवले, चित्रे कशी घ्यायची, पोस्टर कुठे लावायचे, कोणत्या बाजाराच्या दिवशी कोणता खेळ भरतो, सगळे शिकवले. नंतर मी त्यांना सोडून फिरत्या सिनेमाचा एक जुना तंबू घेतला, एक खडखडणारे इंजिन घेतले आणि पहूर, जामनेर, शेंदुर्णी असा फिरू लागलो. लोक गोणपाट घरून आणत आणि जमिनीवर बसत. पाच-सहा वर्षे मी तंबूतच झोपलो. त्यातून वर येऊन जळगावात एक पक्के थिएटर चालवायला घेतले. सांगायचे एवढेच की मला काही फुकट मिळालेले नव्हते.

थिएटरची इमारत एका मारवाडी शेटजींची होती. गोड बोलणारा माणूस, पण शब्दाला पक्का. करार संपत आला होता. शेटजींनी मला बसवून चहा पाजला आणि सांगितले की सरकीच्या गोदामासाठी जागेला मागणी आहे, त्यात कटकट नाही, पंखे नाहीत, पोलीस नाहीत. तरीही तुमच्याकडे बघून दिवाळीपर्यंत थांबतो. दिवाळीत थिएटर भरलेले दिसले तर पाच वर्षांचा करार करू. नाही दिसले तर सरकी.

म्हणजे मला दिवाळीला असे चित्र हवे होते की शेटजींना आपल्या दुकानाच्या गादीवरून लोकांची रांग दिसावी. आणि तसे एकच चित्र त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी होते.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची ही गोष्ट. ते चित्र तयार होतेय होतेय असे चार वर्षे ऐकत होतो. समुद्रावरच्या राजाची कथा. मुंबईत म्हणे एक अख्खे जहाज बांधले होते, शिडांसकट, आणि शेवटी ते खरोखर जाळले. रंगीत चित्र, त्या काळातले सगळ्यात महागडे नट, कपडे परदेशातून. रेडिओवर गाणी वाजत होती. आमच्या खानदेशात समुद्र बघितलेला माणूस शोधून काढावा लागे, त्यामुळे जहाज या शब्दानेच लोक हुरळले. न्हाव्याच्या दुकानात, पानाच्या टपरीवर, सगळीकडे जहाजाचे चित्र. खरे नाव कोणी घेतच नव्हते.

आमच्याकडची चित्रे भुसावळहून येत. तिथे वितरकांच्या कचेऱ्या होत्या. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांसाठी त्या चित्राची दिवाळीला एकच प्रत मिळणार होती. जो घेईल त्याची दिवाळी; दुसऱ्याने नंतर लावावे. तेव्हा लढत दोघांतच होती, आबा आणि मी.

इथे एक आधीची गोष्ट सांगायला हवी. ती माझ्या बाजूची नाही, पण न सांगता पुढे गेलो तर लिहिण्यात अर्थ नाही. आदल्या वर्षी एक देवादिकांचे चित्र आबांनी त्याच वितरकाकडे तोंडी ठरवले होते. कागद व्हायचा होता. मला कळले तसा मी पहाटेच्या गाडीने भुसावळला गेलो, जास्तीची बोली लावली आणि कागद करून आणला. ते चित्र माझ्याकडे सात आठवडे चालले. बायका खेड्यापाड्यांतून बैलगाड्यांनी येत आणि पडद्याला नारळ फोडायला मागत. पुढे आबा एका लग्नाला जळगावात आले तेव्हा माझ्याकडे चहाला आले, थिएटर फिरून पाहिले, पंखे चांगले आहेत म्हणाले. त्या चित्राबद्दल एक शब्द नाही. मला वाटले धंदा आहे, आबांनी धंदा म्हणून सोडून दिले.

जहाजाच्या चित्राचा ट्रायल शो मुंबईला झाला तेव्हा वितरकाने दोघांनाही बोलावले. आबा गेले. जाताना आपल्या ऑपरेटरला घेऊन गेले. ही त्यांची जुनी पद्धत. ते म्हणत की ऑपरेटरला चित्राचे कौतुक नसते, तो रोज बघतो. तो जागा राहिला तर चित्र चालेल आणि डुलक्या घ्यायला लागला तर कोणी का असेना त्यात, चालणार नाही. मी गेलो नाही. थिएटर सोडून जाणे जमण्यासारखे नव्हते असे मी सांगत असे. खरे म्हणजे मला गरजच वाटली नाही. सौद्यात माल बघायचा नसतो, समोरचा माणूस बघायचा असतो, असे माझे तेव्हा मत होते. हे मत मी अमळनेरच्या बाजारात कमावले होते आणि त्याचा मला गर्व होता.

अमळनेरला तेव्हा कापसाचा भाव रुमालाखाली ठरे. दलाल आणि घेणारा समोरासमोर बसत, हातावर रुमाल टाकत आणि बोटे धरून बोलत. एक बोट धरले तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. मूठ मिटून ठेवली म्हणजे मी सौद्यात नाही. तोंडाने अक्षर काढायचे नाही. शेजारच्याला कळू नये म्हणून ही सोय. शेतकऱ्यालाही कळत नसे, म्हणून पुढे बाजार समितीने कापसात ती बंद केली. गुरांच्या बाजारात चालूच राहिली. मी हमाल असताना गठ्ठ्यांवर बसून तासन्‌तास बघत असे. रुमालाखालचे दिसत नाही, पण खांदा दिसतो, मान दिसते, गिळलेला आवंढा दिसतो. कोण किती वर गेला हे मी लांबून सांगत असे आणि माझे क्वचित चुके.

भुसावळचा आमचा वितरक कापसाच्या दलालाचाच मुलगा. त्याच्या कचेरीत दोन गिऱ्हाइके एकाच मालासाठी आली की तो हसत हसत खांद्यावरचा रुमाल काढी. भांडण नको, म्हणे, एकाची बोली दुसऱ्याला कळायला नको.

तशीच त्या दिवशी आमची बैठक झाली. गाद्यांवर एका टोकाला आबा, एका टोकाला मी, मध्ये वितरक. आणखी दोन-तीन तंबूवाले कडेला बसले होते. ऊन असे होते की भिंतीला टेकवत नव्हते. मी आल्या आल्या म्हणालो, "आबा, तुम्ही कशाला त्रास घेतला? तुमचं आता जुनी चित्रं लावायचं वय झालं."

कडेचे तंबूवाले हसले. आबाही हसले. धोतराने कपाळ पुसत म्हणाले, "जुनी चित्रं निदान हालतात तरी."

मला वाटले म्हाताऱ्याने काहीतरी बोलायचे म्हणून बोलले. आता कळते की ते माझ्या तोंडावर सांगत होते.

वितरकाने आधी आबांपुढे रुमाल टाकला. थोडा वेळ हात आत राहिले, निघाले. मग माझ्याकडे आला. मी तीन बोटे धरली; एकेक बोट काही हजारांचे. आमच्या भागात त्या वेळी कोणी तीन दिली नसती. वितरकाने ओठ दुमडले आणि परत आबांकडे गेला. या वेळी हात बराच वेळ आत होते. मी आबांकडेच बघत होतो. आबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. सावकाश, खाली आणि वर, एखादी गोष्ट मनाशी पक्की केल्यावर माणूस हलवतो तशी. मग रुमालाची कड सारखी केली.

त्या मानेवरून मी हिशेब केला. आबांनी चार धरली. वितरक माझ्याकडे वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते, आणि मी चारच्या भानगडीत न पडता सरळ पंजा धरला.

वितरकाने रुमाल काढून खांद्यावर टाकला. झाले. आबा उठले, जाताना माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुझं झालं मग." त्यांनी सगळ्यांच्या चहाचे सांगितले होते, तो चहा यायच्या आत ते गेले.

तो पंजा खरा करण्यासाठी मी तंबू विकला, इंजिन विकले आणि बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. करारात अट होती की चित्र पडो की चालो, तीन आठवडे रोजचे सगळे खेळ तेच दाखवायचे. ती अट मी वाचली आणि हसलो. मला तर सहा आठवडे हवे होते.

दिवाळीआधीच्या त्या महिन्याएवढा आनंदात मी कधीच नव्हतो हेही लिहितो. गणपतीची आरास करणाऱ्या एका कारागिराकडून थिएटरच्या दर्शनी भागावर बांबू आणि रंगवलेल्या गोणपाटाचे जहाज उभे केले. शिडे खऱ्या कापडाची. रस्त्यावरून जाणारा सायकलवाला उतरून बघत उभा राही. त्याहून लहान जहाज एका बैलगाडीवर चढवले, भोंगा लावला आणि ती गाडी पिंप्राळ्यापर्यंत, आसोद्यापर्यंत, प्रत्येक बाजाराला फिरवली. बैलांची शिंगेसुद्धा निळी रंगवली. शेटजी स्वतः बघायला आले आणि म्हणाले, "कराराचा कागद तयार करायला सांगू का?" मी म्हणालो, पाडव्यापर्यंत थांबा, तुम्हालाच तिकीट मिळणार नाही.

पहिल्या दिवशी खरेच कोणाला तिकीट मिळाले नाही. रांग शेटजींच्या दुकानाच्याही पुढे गेली होती. मी बाल्कनीच्या जिन्यात उभा राहून चित्र पहिल्यांदा बघितले.

जहाज हालत नव्हते. ते बंदरात उभे होते. त्याच्यावर राजा उभा राहून बोलत होता, मग राणी बोलत होती, मग प्रधान. बोलणे असे की आमच्या लोकांना चारांतला एक शब्द कळेना. कपडे डोळे दिपवणारे, गाणीही होती, पण प्रत्येक गाणे उभ्या जहाजावर. पाणी लांबून एकदाच दिसले. खाली थर्ड क्लासमध्ये बिड्या पेटायला लागल्या. बिड्या पेटल्या की चित्र गेले, हे मला आबांनीच शिकवले होते.

दारापाशी एरंडोलकडचा एक शेतकरी उभा होता. त्याने मला ओळखले आणि अगदी अदबीने विचारले, "भाऊ, हाई जहाज कव्हय चालसे?"

मी म्हणालो, इंटरव्हलनंतर. इंटरव्हलनंतर तो नव्हता. त्याच्या रांगेतले कोणीच नव्हते.

शेवटच्या रिळात जहाज जळले. बघणाऱ्याचा श्वास अडकावा असे जळले. चार वर्षांचे काम आणि कोणाकोणाचे घरदार त्या ज्वाळांत होते. पण ते बघायला जेमतेम अर्धे थिएटर उरले होते, आणि बाहेर पडलेल्यांनी तोवर अर्ध्या जळगावाला सांगून टाकले होते. चौथ्या दिवशी दुपारच्या खेळाला मी पोरीबाळींना, पोस्टमनला, ओळखीच्या टांगेवाल्यांना फुकट बसवले, खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून. तेही इंटरव्हलला उठून गेले. त्यातला एक टांगेवाला म्हणाला, घोड्याला पाणी दाखवायचंय. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. माझा तो स्वभाव आहे. त्या तीन आठवड्यांत मी डोअरकीपरशी भांडलो, कारागिराशी भांडलो, बायकोशी बोलणे टाकले. अट होती, चित्र काढता येत नव्हते. रोज तीन वेळा ते जहाज बंदरात उभे राही आणि रोज तीन वेळा रिकाम्या खुर्च्यांपुढे जळे.

शेटजींनी रागाचा एक शब्द काढला नाही. दर्शनी भागावरचे बांबूचे जहाज तेवढे लवकर उतरवा म्हणाले, सरकीच्या गाड्या लागायला अडचण होते.

आबांचा संशय मला तोवर आला नव्हता. नशीब म्हणत होतो. पण प्रत माझ्याकडून सुटल्यावर धुळ्याला जायची, ती गेलीच नाही. भुसावळला परत गेली. आणि धुळ्याहून आलेल्या एका एसटीच्या कंडक्टरने सांगितले की दिवाळीत आबांनी एक जुने विनोदी चित्र लावले होते, लोक जमिनीवर बसून बघत होते. जो माणूस चार बोटे देतो, तो नंतर स्वस्तात मिळणारे चित्र हातही न लावता परत जाऊ देतो, हे कसे? मी कंडक्टरला दोनदा विचारले. मग त्याच गाडीत बसलो.

आबा थिएटरच्या कचेरीत होते. मी दारातूनच आवाज चढवला. काय काय बोललो ते सगळे आठवत नाही, आठवते तेही लिहिण्यासारखे नाही. टेबलावर हात आपटला त्यात बशी फुटली. आबा उठून तुकडे गोळा करायला लागले. म्हातारा माणूस वाकलेला बघून माझा आवाज आपोआप उतरला. मग मी विचारले, "तुम्ही किती बोटं धरली होती?"

आबा खालूनच बोलले. जवळच्या माणसाशी ते कधीमधी घरच्या बोलीत बोलत. "एकबी नही. मनी मूठ बंद व्हती, भो. दोन्ही येळले."

त्यांनी मग सगळे सांगितले. मुंबईला ट्रायलमध्ये त्यांचा ऑपरेटर तिसऱ्या रिळाला झोपला तो जहाज जळेपर्यंत उठला नाही. आबांनी तेव्हाच ठरवले की या मालाला शिवायचे नाही. भुसावळला ते आले ते फक्त वितरकाने बोलावले म्हणून, संबंध राखायला. रुमालाखाली मूठ मिटून बसले. वितरकाने ती मिटलेली मूठ हातात धरून ठेवली आणि माझ्याकडे बघत वेळ काढला. तो त्याचा धंदा होता.

"आणि तुम्ही?" मी म्हणालो. "मला एक शब्द सांगता आला नाही?"

"तू विचारायला आला असतास तर सांगितलं असतं. तू मला माझं वय सांगायला आला होतास."

देवादिकांच्या चित्राचे तेही काढतील असे वाटले होते. त्यांनी काढले नाही, चहा मागवला, आणि मी तो न पिता निघालो. ते थिएटर सुटले त्याला आता कितीतरी वर्षे झाली. मी पुन्हा शून्यातून उभा राहिलो, आधी सोड्याची गाडी, मग खुर्च्या आणि मंडप भाड्याने देण्याचा धंदा. आज माझे बरे चालले आहे. पाटल्या सोडवल्या. सरकीचे गोदाम अजून तिथेच आहे. पावसाळ्यात भिंतीवरचा चुना ओला झाला की निळ्या रंगाचा एक पट्टा दिसतो, कारागिराने समुद्र रंगवत तिथपर्यंत आणला होता.

वितरकावर माझा राग नाही. त्याने मला एकही खोटा आकडा सांगितला नाही. त्याच्या जागी मी असतो तर तेच केले असते. मुंबईच्या ज्या माणसाने ते जहाज बांधले त्याच्यावरही नाही. त्याचे सगळे त्यात गेले असे नंतर ऐकले, आणि मला वाटते त्यालाही कोणी वेळेवर सांगितले नसेल की जहाज हालत नाही. एवढ्या मोठ्या कामात, एवढ्या पैशाच्या माणसापुढे, कोण सांगणार? मला तरी कोण सांगणार होते? मी ऐकून घेणारा माणूस नव्हतो, हे मला घरच्यांनी पुरेसे सांगितले आहे. मी ट्रायलला गेलो नाही ही चूक माझी. आबांचे चित्र पळवले तेही मीच. त्यांनी मला न सांगणे हा त्यांचा हक्क होता, असे मी आता मानतो. गप्प बसणाऱ्या माणसाला फसवणारा म्हणता येत नाही.

पण आबा गप्प बसले नाहीत. रुमालाखाली मूठ बंद होती, आणि रुमालावर त्यांनी मान हलवली. मूठ मिटलेला माणूस मान हलवत नाही. अमळनेरच्या बाजारात मी हजार माणसे पाहिली, एकानेही हलवली नाही. मी मानेवरून बोली ओळखतो हे त्या खोलीत दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते. आबांना माहीत होते. बुकिंगच्या खिडकीत बसून मीच त्यांना ते सांगितले होते, आणि त्यांना त्याचे फार कौतुक वाटले होते.

आबा अजून आहेत. कान गेले आहेत, पण डोळे शाबूत आहेत, सकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात असे ऐकतो. तेव्हा हेही वाचता येईल. आबा, मूठ बंद होती हे मला मान्य आहे. बाकी सगळेही मान्य आहे. मान का हलवलीत, तेवढे सांगा. मी धुळ्याला येतो, ओट्याखाली उभा राहतो, आवाज चढवणार नाही. पण उत्तर तुमच्याच तोंडून हवे.